कोल्हापूरचा हिशेब बेळगावात चालत नाही: घरावर सोलर आणि बॅटरी बसवणाऱ्यांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या मराठी घरांत सोलरचा विषय बहुधा सोयऱ्यांकडूनच येतो. गडहिंग्लजचे भावजी नाहीतर कोल्हापूरचा मामेभाऊ लग्नात भेटतो आणि सांगतो, "आमचं बिल जवळजवळ शून्यावर आलंय, तुम्ही पण बसवून टाका." तो खोटं बोलत नसतो. पण त्याचा हिशेब महावितरणच्या बिलावरचा असतो. तिकडे १०० युनिटांच्या पुढे दर एकदम चढतो, त्यामुळे सोलरने वाचवलेला प्रत्येक वरचा युनिट महागडा असतो. आपल्याकडे हेस्कॉमच्या, म्हणजे इथल्या वीज कंपनीच्या, घरगुती ग्राहकाला २०२४ पासून टप्पे नाहीत; एकच दर, तोही सहा रुपयांच्या आसपास. त्यावर गृहज्योती, म्हणजे कर्नाटक सरकारची मोफत विजेची योजना. त्यामुळे तिकडे डोळे झाकून 'हो' म्हणण्यासारखा सौदा इकडे काही घरांना फायद्याचा ठरतो आणि काहींना अजिबात नाही.

म्हणून सुरुवात गच्चीवरून नाही, बिलापासून.

पायरी १: बारा महिन्यांची बिलं काढा

बिल कन्नडमध्ये असतं. वाचता येत नसेल तर घरातल्या शाळकरी पोरांना बसवा, त्यांना येतं. चार गोष्टी शोधायच्या: आर. आर. नंबर आणि अकाउंट आयडी, मंजूर भार किती किलोवॅटचा, मीटर कुणाच्या नावावर, आणि दर महिन्याला जळालेले युनिट. रुपये बघू नका, युनिट बघा. एका महिन्याच्या बिलावरून काहीच ठरत नाही. आपल्याकडे एप्रिल-मेचा वापर आणि जुलैचा वापर यांत मोठी तफावत असते.

आता गृहज्योती. २०२२-२३ मधला तुमचा सरासरी वापर आणि त्यावर दहा टक्के, एवढे युनिट सरकार भरतं. त्याच्यावर पण २०० च्या आत गेलात तर फक्त जादा युनिटांचे पैसे भरायचे. २०० ओलांडले की अख्खं बिल तुमच्या अंगावर.

यातून घरांचे तीन प्रकार पडतात. महिना सत्तर-ऐंशी युनिट जाळणारं आणि शून्य बिल येणारं घर: त्यांनी पैसे वाचवायला म्हणून सोलर घेऊ नये, वाचवायला काही नाहीच. पावणेदोनशेच्या आसपास घुटमळणारं, उन्हाळ्यात मधूनच २०० पार करणारं घर: यांनी आधी पंखे आणि गिझर सुधारावेत, बहुतेक तेवढ्यात भागतं. आणि बाराही महिने अडीचशे-तीनशेच्या वर असलेलं घर, म्हणजे एकत्र कुटुंब, वर भाडेकरू, पाण्याची मोटर, एखादा एसी: सोलर खऱ्या अर्थानं यांच्यासाठी आहे. मधल्या गटात असाल आणि तरीही सोलर घ्यायचंच असेल, तर नेट मीटर (आत आलेली आणि बाहेर गेलेली वीज दोन्ही मोजणारा) लागल्यावर तुमच्या गृहज्योतीचं काय होणार हे सही करण्यापूर्वी हेस्कॉमच्या सेक्शन ऑफिसला जाऊन विचारा आणि कागदावर घ्या. विक्रेत्याच्या तोंडी उत्तरावर जाऊ नका.

पायरी २: बिल कमी करायचंय की लाईट गेल्यावर घर चालवायचंय?

ही दोन वेगळी कामं आहेत. त्यांची यंत्रं वेगळी, खर्च वेगळा.

ऑन-ग्रिड पद्धतीत गच्चीवरची वीज आधी घरात वापरली जाते आणि उरलेली तारेवरून बाहेर जाते. बॅटरी नाही, म्हणून स्वस्त. पण केईबीची लाईट गेली (बोर्ड जाऊन हेस्कॉम आलं तरी आपण केईबीच म्हणतो) की हे सोलरही त्याच क्षणी बंद पडतं, भर दुपारी लख्ख ऊन असलं तरी. हा बिघाड नाही. खांबावर चढलेल्या लाईनमनला तुमच्या गच्चीवरून शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टरने तसंच वागणं बंधनकारक आहे. हे आधी कुणी सांगत नाही आणि पहिल्या वळवाच्या पावसात लाईट गेली की घरातले विक्रेत्याच्या नावानं बोटं मोडतात.

हायब्रीड पद्धतीत इन्व्हर्टर बॅटरीही सांभाळतो. लाईट गेली की ठरावीक लाइनीपुरतं घर तारेपासून तोडून बॅटरीवर आणि पॅनेलवर चालवतो.

माझं मत असं: बेळगाव शहरात, जिथे लाईट गेली तरी तासा-दोन तासांत येते, तिथे साधं ऑन-ग्रिड सोलर घ्यावं आणि घरात आहे तोच जुना इन्व्हर्टर आणि ट्युब्युलर बॅटरी तशीच ठेवावी. दोन्ही आपापलं काम करतात. मात्र ऑन-ग्रिड सोलरची जोडणी त्या जुन्या इन्व्हर्टरच्या आउटपुटवर कधीही करू देऊ नका. दोन्ही यंत्रं जळू शकतात. जांबोटी, कणकुंबी, लोंढ्याच्या बाजूला, जिथे पावसात झाड पडलं की रात्र-रात्र अंधार, तिथे हायब्रीडचा विचार करावा. पण बॅटरी पैसे वाचवत नाही, हे धरूनच चला. ती उजेडासाठी घ्यायची. "बॅटरीचे पैसे पाच वर्षांत वसूल" असं कुणी म्हणाला तर त्याला पाटीवर हिशेब मांडायला सांगा.

पायरी ३: गच्ची

आपण साधारण १६ अक्षांशावर आहोत. पॅनेलचं तोंड दक्षिणेला आणि कल दहा ते पंधरा अंश, एवढं पुरे. कल त्याहून कमी ठेवला तर पावसाचं पाणी धूळ धुऊन नेत नाही आणि खालच्या कडेला चिखलाची पट्टी धरते.

एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट मोकळी जागा धरा. हल्लीचा ५४० वॅटचा पॅनेल सात-साडेसात फूट लांब, पावणेचार फूट रुंद आणि पंचवीस-तीस किलो वजनाचा असतो. तीन किलोवॅटला असे सहा. अडचण अशी की दक्षिणेची चांगली जागा पाण्याच्या बंबाच्या सोलरने आणि टाकीने आधीच अडवलेली असते. सावलीची परीक्षा मे महिन्यात करू नका, तेव्हा सूर्य डोक्यावर असतो आणि सगळीच गच्ची उन्हात दिसते. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सकाळी नऊला आणि दुपारी साडेतीनला वर जा. तेव्हा टाकीची, जिन्याच्या खोलीची, शेजारच्या माडाची सावली कुठवर पोचते ते खडूनं आखून ठेवा. ओळीतल्या एका पॅनेलवर सावली आली तरी सगळ्या ओळीचा जोर कमी होतो, म्हणून हा खडू महत्त्वाचा.

सांगाडा हा पैसे वाचवण्याचा भाग नव्हे. गरम जस्तात बुडवून काढलेलं लोखंड घ्या. रंग मारलेले पाईप पश्चिमेकडच्या पावसात दोन-तीन वर्षांत पापुद्रे धरतात. स्लॅबला भोकं पाडून बोल्ट ठोकायला माझा ठाम विरोध आहे. आपल्याकडचा पाऊस ते भोक शोधून काढतोच, आणि मग खालच्या खोलीत बादली. स्लॅबवर काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यांत पाय बसवायचे, ठोकळ्याभोवती वॉटरप्रूफिंग करून घ्यायचं. मिरच्या, सांडगे, पापड वाळवायला गच्ची हवी म्हणून बरेच जण सहा-सात फूट उंच सांगाडा मागतात. चालतो, पण वळवाच्या वाऱ्यात उंच सांगाडा पतंगासारखा ओढ घेतो. तिरपे आडवे जास्त लागतात, ठोकळे जड लागतात, खर्च वाढतो. गच्ची खरोखर वापरात नसेल तर तीन फूट पुरे.

खानापुरी कौलांचं घर असेल तर कौलांवर पॅनेल नकोच. वासे त्या वजनासाठी घातलेले नसतात आणि एक कौल फुटलं तर बदलायला पॅनेलखाली शिरता येत नाही. गोठ्याचा पक्का पत्रा, न्हाणीघराचा स्लॅब किंवा परसात जमिनीवर सांगाडा, यांतलं काहीतरी बघा.

पायरी ४: किती किलोवॅट?

वर्षाची सरासरी काढली तर एक किलोवॅट दिवसाला चार युनिटांच्या आसपास देतो. मार्च-एप्रिलमध्ये त्याहून जास्त. जुलै-ऑगस्टमध्ये खानापूरच्या पश्चिमेला दोनच्याही खाली येतो. अथणी-रायबागकडे पाऊस कमी, तिथे पावसाळ्यातही फार घसरत नाही.

अडीचशे युनिटांच्या घराला दोन किलोवॅट, साडेतीनशेला तीन. याहून मोठं घेऊन "उरलेली वीज सरकारला विकू" हा विचार सोडा. महिन्याअखेर उरलेल्या युनिटला वीज नियामक आयोगानं ठरवलेला जो दर मिळतो तो आपण विकत घेतो त्या दरापेक्षा बराच कमी आहे. सोलरचा युनिट घरातच जिरला किंवा नेट मीटरवर तुम्ही तारेवरून घेतलेल्या युनिटांतून वजा झाला तर त्याची किंमत सहा रुपये. त्याहून जास्त बाहेर गेला तर फार कमी.  

पायरी ५: बॅटरीचा हिशेब, कागद-पेन्सिल घेऊन

संध्याकाळी सातला लाईट गेली आणि सकाळी सातला आली असं धरा. पाच एलईडी दिवे चार तास: ०.२ युनिट. टीव्ही दोन तास: ०.२. वायफाय रात्रभर: ०.१२. फ्रिज बारा तास: साधारण ०.६. तीन साधे पंखे आठ तास, प्रत्येकी ७५ वॅट: १.८. बेरीज २.९ युनिट, आणि त्यातले निम्म्याहून जास्त एकटे पंखेच खातात. तेच पंखे ३० वॅटचे बीएलडीसी बसवले तर ०.७२, आणि बेरीज १.८ वर येते. म्हणजे मोठी बॅटरी घेण्याआधी पंखे बदला. ते पैसे रोजच्या बिलातही सुटतात. गंमत अशी की खानापूरच्या बाजूला लाईट जाते ती पावसात, आणि त्या गारठ्यात पंखा कुणाला हवा असतो! तिकडे दिवे, फ्रिज आणि मोबाईल एवढाच भार धरला तरी चालेल. चिकोडी-अथणीकरांनी मात्र पंख्यासकट हिशेब करावा.

गिझर बॅटरीवर कधीच नाही. एक एचपीची मोटरही शक्यतो नाही. चालू होताना ती नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते आणि लहान इन्व्हर्टर मान टाकतो. लाईट असतानाच टाकी भरून ठेवायची जुनी सवय इथे कामाला येते.

आता प्रकार. १५० एएचची १२ व्होल्टची ट्युब्युलर बॅटरी कागदावर १.८ युनिट साठवते, पण टिकवायची असेल तर निम्मीच वापरायची, म्हणजे ०.९. वरच्या १.८ च्या भाराला अशा दोन लागतात, आणि त्याही काठावरच पुरतात. दर दोन-तीन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर, चार-सहा वर्षांत बदली. लिथियममध्ये लिथियम आयर्न फॉस्फेट म्हणजे एलएफपी हाच प्रकार मागा. ५१.२ व्होल्ट १०० एएच म्हणजे पाच युनिटांची, त्यातले चार-साडेचार निर्धास्त वापरता येतात, आणि काही हजार वेळा भरली-रिकामी केली तरी चालते. किंमत मात्र लाखाच्या घरात किंवा त्याहून वर.

बॅटरी ठेवायची कुठे? झोपायच्या खोलीत नाही, स्वयंपाकघरात नाही, जिन्याखाली कपड्यांच्या गाठोड्यांच्या शेजारी तर नाहीच. ट्युब्युलर चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तिला वारा हवा. एलएफपीला सावली आणि कोरडी भिंत हवी. पावसाळ्यात ओल धरणारी भिंत निवडू नका.

आणखी एक गोष्ट, जुन्या घरांसाठी. हायब्रीडची बॅकअप लाइन वेगळी काढावी लागते: दिवे-पंखे-फ्रिज एका बाजूला, गिझर-मोटर-एसी दुसऱ्या बाजूला. जुन्या वायरिंगमध्ये सगळ्या खोल्यांचा न्यूट्रल एकच असतो. फेज वेगळी काढली आणि न्यूट्रल तसाच राहिला की ब्रेकर सारखा पडत राहतो, आणि दोष बिचाऱ्या बॅटरीवर येतो. घरात ज्याने वायरिंग केलं तो वायरमन सोलरवाल्यांबरोबर एक दिवस उभा असावा.

पायरी ६: अनुदान आणि कागद

पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ पासून आहे. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ₹३०,०००, तिसऱ्याला ₹१८,०००, म्हणजे जास्तीत जास्त ₹७८,०००. पाच किलोवॅट बसवलं तरी तेवढेच. हायब्रीड चालतं, पण अनुदान पॅनेलच्या किलोवॅटवर. बॅटरीवर एक दमडी नाही. पॅनेल देशी सेलचे, ज्यांना डीसीआर म्हणतात तेच हवेत, आणि बसवणारा योजनेत नोंदलेला विक्रेताच हवा. डीसीआर पॅनेल थोडे महाग पडतात. "बिगर-डीसीआर स्वस्तात देतो" म्हणणारा अनुदानाचं नाव काढणार नाही हे ओळखून असा.

आपल्याकडे अर्ज अडतो तो बहुतेक नावावर. मीटर वारलेल्या आजोबांच्या नावावर, घराचा उतारा तीन भावांच्या नावावर, आणि बँक खातं धाकट्या सुनेचं. आधी मीटर हयात मालकाच्या नावावर करून घ्या. त्यासाठी उतारा, वारसाचा कागद आणि भावांची संमती लागेल. हे काम सोलरपेक्षा जास्त वेळ खातं, म्हणून पॅनेलचे भाव विचारण्याआधी ते सुरू करा. आधार, बिल आणि पासबुक यांवर नाव एकाच पद्धतीनं लिहिलेलं असावं. 'पाटील' आणि 'पाटिल' एवढ्यावरही फाईल थांबू शकते.

मग योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर नोंदणी, राज्य कर्नाटक, वितरण कंपनी हेस्कॉम. हुक्केरी तालुक्यात वीज तिथल्या ग्रामीण विद्युत सहकारी संस्थेची आहे. तिथल्यांनी आपल्या बिलावर जे नाव आहे तेच निवडायचं. दहा किलोवॅटपर्यंत तांत्रिक मंजुरी आपोआप धरली जाते. मंजूर भार कमी असेल तर वाढवून घ्यावा लागतो आणि स्थिर आकार किलोवॅटवर असल्यामुळे तो दर महिन्याला वाढतो. हा खर्च कोटेशनमध्ये नसतो, तुमच्या हिशेबात असू द्या.

कर्ज हवंच असेल तर तीन किलोवॅटपर्यंत ₹२ लाखांपर्यंतचं बिनतारण कर्ज सरकारी बँका याच योजनेत देतात. खासगी हप्त्याच्या मागे लागण्याआधी ते बघा.

पायरी ७: कोटेशन

तीन ठिकाणांहून घ्या आणि एकूण आकड्यांची तुलना करू नका, ओळीओळीची करा. पॅनेलची कंपनी, वॅट आणि डीसीआर हा शब्द. इन्व्हर्टरची कंपनी आणि हमी किती वर्षांची. सांगाड्याची उंची आणि जस्ताचा थर. केबल तांब्याची की ॲल्युमिनियमची. अर्थिंग किती. नेट मीटरचा खर्च कोणाकडे. पाच वर्षांची देखभाल लिहून दिली आहे का. योजनेत ती विक्रेत्याची जबाबदारी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलर उपकरणांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, जुन्या दरानं लावलेला असेल तर तिथेच बोट ठेवा. अनुदान तुमच्या खात्यात येतं. पैसे टप्प्याटप्प्यानं द्या आणि शेवटचा दहा टक्क्यांचा तुकडा नेट मीटर फिरेपर्यंत हातात ठेवा.

पायरी ८: बसवण्याचा दिवस

उभं राहून तीन गोष्टी बघा. अर्थिंगचे खड्डे तीन हवेत: डीसीचा (पॅनेलकडच्या विजेचा), एसीचा (घरातल्या विजेचा) आणि वीजरोधकाचा स्वतंत्र. आपल्याकडे एप्रिल-मेच्या वळवात विजा कडाडतात, तिथे दोन खड्ड्यांत भागवू देऊ नका. जांभ्याच्या कोरड्या जमिनीत साधी सळई पुरत नाही, केमिकल अर्थिंग लागतं. मीटर लावून पाच ओहमच्या आत आकडा दाखवायला सांगा. काळ्या मातीत हे सोपं जातं.

दुसरं, केबल पाईपमधून आणि सांगाड्याला क्लिपनं बांधलेली. लोंबकळती केबल म्हणजे वानरांना झोपाळा.

तिसरं, पॅनेलचे जोड. सहा पॅनेलच्या ओळीत उन्हात तीनशे व्होल्टच्या आसपास डीसी असतो. चालू असताना जोड ओढला तर ठिणगीची ज्योत धरते. घरातल्या पोरांना हे त्याच दिवशी दाखवून बजावून ठेवा, आणि बंद करायचा आयसोलेटर कुठला तेही.

नंतर हेस्कॉमशी करार, तपासणी, दुतर्फा मीटर आणि पोर्टलवर चालू केल्याचा दाखला. तो दाखला निघाला की अनुदानासाठी बँकेचा तपशील भरायचा. पॅनेलवरच्या क्रमांकांचे फोटो, इन्व्हर्टरचा क्रमांक आणि हमीपत्रं एका फाईलीत ठेवा. पॅनेलची हमी पंचवीस वर्षांची असते. तोवर दुकान असेल-नसेल, कंपनीकडे जायला क्रमांक लागतो.

पायरी ९: पुढची वर्षं

पूर्वेकडे आणि निपाणी-चिकोडीच्या ऊसपट्ट्यात गळीत हंगामात पाचट जाळल्याची आणि कारखान्याच्या धुराड्याची काजळी पॅनेलवर बसते. नोव्हेंबर ते मार्च दर पंधरा दिवसांनी, सूर्य वर यायच्या आत किंवा संध्याकाळी, साध्या पाण्यानं आणि मऊ फडक्यानं पुसा. तापलेल्या काचेवर गार पाणी नको, घासणी आणि साबण तर नकोच. बोअरचं पाणी जड असेल तर पांढरे डाग राहतात. शेवटचा हात टाकीत साठवलेल्या पावसाच्या पाण्याचा फिरवला तर उत्तम. खानापूरकडे जून ते सप्टेंबर पुसायची गरज नाही, मात्र ऑक्टोबरमध्ये खालच्या कडेची शेवाळाची रेघ काढा.

हायब्रीडवाल्यांनी जून लागला की ॲपमध्ये बॅटरीचा रिझर्व्ह, म्हणजे लाईट जाईल तेव्हासाठी राखून ठेवायचा साठा, पन्नास टक्क्यांच्या वर नेऊन ठेवावा आणि तारेवरून चार्ज होऊ द्यावं. पावसाळ्यात नुसत्या उन्हाच्या भरवशावर ठेवलेली बॅटरी नेमकी झाड पडतं त्या रात्री रिकामी सापडते. ऑक्टोबरमध्ये तो रिझर्व्ह वीसवर आणा. आणि महिन्यातून एकदा ॲपमधला बाहेर गेलेल्या युनिटांचा आकडा बिलातल्या बाहेर गेलेल्या युनिटांशी ताडून बघा. सलग दोन महिने मेळ बसला नाही तर बिल आणि ॲपचा फोटो घेऊन सेक्शन ऑफिसला लेखी अर्ज द्या, आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.